गवत वाळेपर्यंत नकाशा वाचा

अनंत चतुर्दशीचे ढोल थांबले की विठ्ठलवाडीत पहाटेची पावलं वाजू लागतात. पावसाळाभर घरात बसलेली मंडळी बुटांवरची बुरशी झटकून बाहेर पडतात. कोणी नेतिवलीच्या टेकडीकडे वळतं, कोणी उल्हासनगरच्या बाजूला. हवा धुतलेली असते आणि इमारतींच्या फटीतून दक्षिणेला मलंगगडाची दातेरी रेघ दिसते. अशा एखाद्या सकाळी कोणी तरी मला गाठतं आणि विचारतं, “दादा, ते नकाशा-कंपास घेऊन पळायचं असतं ना, ते सुरू करायचंय. थंडी येईपर्यंत तयारी होईल का?”

होईल. पण एका अटीवर. इंटरनेटवरून उतरवलेला युरोपातला शरद ऋतूचा तक्ता आधी बाजूला ठेवायचा.

तिकडे शरद ऋतूत हवा थंड होते, झाडोरा झडतो, रान मोकळं होतं, म्हणून शर्यतींना उत्साह येतो. आपल्याकडे आश्विनात पारा पस्तिशीच्या आसपास असतो, डोंगरावर गवत कमरेपासून डोक्यापर्यंत कुठेही असू शकतं आणि खाचरांत भात पिकून उभं असतं. त्या तक्त्यात “पहिल्या आठवड्यात रानात दोन तास” असं लिहिलंय म्हणून तुम्ही अंबरनाथच्या मागच्या टेकड्यांत शिरलात, तर परत येईपर्यंत मोजे कुसळांनी विणले जातील आणि नकाशा एकदाही नीट पाहिलेला नसेल. आपल्या भागात हा हंगाम गवत आणि भात ठरवतात. दिवाळीपर्यंत डोकं तयार करायचं आणि दिवाळीनंतर रानात उतरायचं, हा माझा साधा हिशेब. पुढचं सगळं त्याचाच तपशील आहे.

नव्या वाचकासाठी खेळ थोडक्यात सांगतो. ओरिएंटिअरिंगमध्ये वाट आखून दिलेली नसते. सुरुवातीच्या रेषेवर हातात नकाशा मिळतो. त्यावर जांभळ्या रंगात एक त्रिकोण असतो, ती सुरुवात. मग क्रमांक घातलेली वर्तुळं, ते कंट्रोल. शेवटी एकात एक दोन वर्तुळं, तो शेवट. प्रत्येक कंट्रोलवर नारिंगी-पांढरा तीन बाजूंचा झेंडा टांगलेला असतो. क्रमाने सगळे गाठायचे, प्रत्येक ठिकाणी हजेरी नोंदवायची. एका कंट्रोलवरून दुसऱ्यावर कसं जायचं हे तुमचं तुम्ही ठरवायचं. स्वीडनमधल्या अर्न्स्ट किलँडर नावाच्या मेजरने १९१९ साली स्टॉकहोमजवळ मोठी शर्यत भरवली आणि हा खेळ लोकांत रुजला. आंतरराष्ट्रीय महासंघ १९६१ मध्ये कोपनहेगनला स्थापन झाला. आपल्याकडे हा खेळ प्रामुख्याने सैन्यातल्या लोकांनी जपला. कॉलेजात एनसीसी केलेल्यांना नकाशावाचनाचे तास आठवत असतील: सहा आकडी ग्रीड संदर्भ, पुढची बेअरिंग, मागची बेअरिंग. परीक्षेपुरतं पाठ केलेलं ते ज्ञान इथे पायांत उतरवायचं असतं.

आता एक हिशेब करा. तुम्ही पाच किलोमीटर पंचवीस मिनिटांत पळता, तुमचा शेजारी तीस मिनिटांत. वर्षभर घाम गाळून कमावलेला फरक पाच मिनिटांचा. रानात एक सोंड चुकली तर आठ-दहा मिनिटं सहज जातात. म्हणजे वर्षाची कमाई एका चुकीत गेली, वर उधारी. म्हणून नवख्या माणसाने पहिल्या हंगामात वेग वाढवण्याच्या भानगडीत पडूच नये. आहे तो वेग पुष्कळ आहे.

भाद्रपद संपताना: मूठ, मैदान आणि लोकल

सगळ्यात आधी तपकिरी रेषा वाचायला शिका. समोच्च रेषांना शाळेत आपण घाबरलो ते पुस्तकी शब्दांमुळे. गडकोट फिरणाऱ्या माणसाला हे सगळं आधीच येत असतं: सोंड, नाळ, घळ, खिंड, धार, पठार, टेपाड. फक्त ते कागदावर ओळखायचं असतं. त्यासाठी डाव्या हाताची मूठ वळा आणि बॉलपेनने मुठीवर आडव्या कड्या काढा, एकाखाली एक, सारख्या उंचीवर. प्रत्येक बोटाचं हाड येतं तिथे रेघ बाहेर फुगते, दोन हाडांमधल्या खाचेत ती आत वळते. आता मूठ उघडून हात सपाट करा. दिसतो तो नकाशा. रेघेचं टोक उताराकडे गेलं तर सोंड, टोक माथ्याकडे घुसलं तर नाळ. दोन उंचवट्यांमध्ये रेषा कमरेसारख्या आवळल्या तर खिंड. माझ्या हातावरची शाई पाहून लोकलमध्ये एकाने मला गोंदवून घेतलंय का असं विचारलं होतं.

लोकलचं नाव निघालंच आहे तर सांगतो, सरावाची सगळ्यात स्वस्त जागा तीच. कुठल्याही जुन्या शर्यतीचा नकाशा छापून घडी घालून खिशात ठेवा. विठ्ठलवाडीला गाडी पकडलीत की एकेक टप्पा मनात बोलत जा: “त्रिकोणातून पायवाटेने ओढ्यापर्यंत, ओढा ओलांडला की उजवीकडची सोंड चढायची, सोंडेवर मोठा खडक, तिथून डावीकडे शंभर मीटर.” कल्याण यायच्या आत एक टप्पा तोंडी सांगता आला पाहिजे. गर्दीत, धक्के खात, घामाघूम असताना नकाशा वाचता आला तर शर्यतीतही येतो. तिथे निदान कोणी कोपर मारत नाही.

दुसरं काम पावलं मोजण्याचं. मैदानावर टेपने शंभर मीटर मोजून दोन खुणा करा. फक्त उजवा पाय पडेल तेव्हा मोजायचं. चालताना साठ-पासष्ट भरतात, सावकाश पळताना चाळीस-पंचेचाळीस. आपापला आकडा वेगळा. मग हाच प्रयोग चढावर करा, गवतात करा आणि दमल्यावर पुन्हा करा. तिन्ही ठिकाणी आकडा वाढलेला दिसेल. तिन्ही आकडे कंपासच्या पट्टीवर चिकटवून टाका. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच बहुतेक जण ते करत नाहीत.

कंपासबद्दल दोन-तीन गोष्टी इथल्या मातीच्या आहेत, त्या परदेशी पुस्तकात सापडणार नाहीत. खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक आपल्या भागात एका अंशाहूनही कमी आहे, तेव्हा धावताना तो विसरलात तरी चालेल. पण आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा, त्यात लोह. उघड्या कातळावर, विशेषतः वीज पडणाऱ्या माथ्यावर कंपास टेकवला तर सुई वेडंवाकडं नाचू शकते. हात छातीशी धरून वाचा, दगडावर ठेवून वाचू नका. कल्याण-अंबरनाथ पट्ट्यात उच्चदाबाच्या तारांचं जाळं आहे. त्यांच्या खाली उभं राहून दिशा घेऊ नका, पन्नास पावलं पुढे जा. आणि परदेशातल्या भाच्याने कौतुकाने तिकडचा कंपास आणला असेल, तर आधी तो तळहातावर आडवा धरून पाहा. उत्तरेकडच्या देशांत सुई जमिनीकडे जास्त ओढली जाते, म्हणून कंपास त्या भागापुरता तोललेला असतो. इथे ती सुई तिरकी होऊन तळाला किंवा काचेला घासते. दुकानातून घेताना आपल्या पट्ट्यासाठी तोललेला किंवा सगळीकडे चालणारा मागा. अंगठ्यात अडकवायचा लहान कंपास पळायला सोयीचा, पण पहिल्या हंगामात पट्टीवाला साधा घ्या.

रविवारी पहाटे, बॅरेकींमध्ये

विठ्ठलवाडीकरांना एका बाबतीत नशीबवान म्हटलं पाहिजे. ओरिएंटिअरिंगचा एक प्रकार वस्तीत खेळतात, त्याला स्प्रिंट म्हणतात. नकाशा १:४०००, म्हणजे एका सेंटिमीटरला चाळीस मीटर. गल्ल्या, बोळ, जिने, बंद फाटकं, आणि अव्वल खेळाडूची शर्यत पंधरा मिनिटांत आटपते. युरोपातले लोक यासाठी जुनी गावं शोधत हिंडतात. आपल्या रुळांपलीकडे उल्हासनगर आहे.

दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांना त्याच बॅरेकींत जागा मिळाली आणि १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. म्हणून आजही पत्ते कॅम्प नंबर, सेक्शन आणि बॅरेक नंबर असे असतात. लष्करी शिस्तीत एकाशेजारी एक, सगळ्या सारख्या. मधल्या जागा नंतर हव्या तशा भरत गेल्या. एक बोळ आरपार जातो, शेजारचा तसाच दिसणारा बोळ कोणाच्या तरी स्वयंपाकघराशी संपतो. समांतर रांगांत एक रांग चुकणं ही या खेळातली सगळ्यात नेहमीची चूक, आणि तिचा सराव करायला यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही.

सरावाची पद्धत साधी. ओपनस्ट्रीटमॅपवरून त्या भागाचा नकाशा मोठा करून छापा. आदल्या दिवशी एकाने सायकलवर फिरून दहा जागा ठरवायच्या: पिंपळाचा पार, ट्रान्सफॉर्मर, पाण्याची टाकी, मंदिराचा मागचा कोपरा. झेंडे टांगू नका, लोकांना शंका येते आणि ती यावीच. त्याऐवजी प्रत्येक जागेचा एक प्रश्न ठेवा: पाराला पायऱ्या किती, टाकीवर कोणता रंग. रविवारी सहाला निघा, दुकानं उघडायच्या आत घरी परत. दोन नियम कडक पाळा. कोणाच्या अंगणातून जायचं नाही, आणि हमरस्ता ओलांडताना थांबायचं, मग शर्यत हरली तरी हरकत नाही. बोळात समोरून म्हातारी कळशी घेऊन आली तर वाट तिची.

या सरावात एक सवय लावून घ्या. नकाशावर अंगठा. आपण जिथे आहोत तिथे अंगठ्याचं टोक, आणि वळलो की नकाशाही वळवायचा, म्हणजे कागदावरची उत्तर कायम खऱ्या उत्तरेकडे. अक्षरं उलटी दिसली तर दिसू देत. नकाशा सुलटा धरण्याचा हट्ट सोडायला आपल्याला फार जड जातं. शाळेत भिंतीवर टांगलेल्या नकाशाचा तो संस्कार.

कोजागरी

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी कोजागरी. दूध आटेपर्यंत एक सराव करून घेता येतो, वर्षातून एकदाच मिळणारा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे संध्याकाळपासून उजेड मिळतो. माहितीतलं, वस्तीलगतचं, कडे-विहिरी नसलेलं मोकळं माळरान निवडा. चौघांपेक्षा कमी माणसं नकोत. डोक्याला विजेरी बांधा, पण ती फक्त नकाशा पाहताना लावा.

रात्री लांबचा डोंगर दिसत नाही, म्हणून दिवसा ज्यावर आपण नकळत विसंबतो ते सगळं निघून जातं. उरतात कंपासची दिशा आणि पावलांची मोजणी. तीनशे मीटर दूरचं एकटं झाड गाठायचं ठरवा. बहुतेक जण पहिल्यांदा वीस-तीस मीटर एका बाजूला निघतात, आणि प्रत्येकाची ती बाजू ठरलेली असते. आपली बाजू कोणती हे एकदा कळलं की पुढे युक्ती करता येते. पायवाट आणि ओढा यांच्या संगमावर पोचायचं असेल तर नेमकं संगमाकडे जायचंच नाही. मुद्दाम जरा डावीकडचा रोख धरायचा. ओढा लागला की कंट्रोल उजवीकडेच, शंका नाही. नेमका रोख धरून ओढ्यावर पोचलात आणि कंट्रोल दिसला नाही, तर आता डावीकडे जाऊ की उजवीकडे, हा प्रश्न पाच मिनिटं खातो.

माझी एक सकाळ

हे सगळं शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरातच, घाई नडली. चिखलोलीच्या धरणामागच्या टेकड्यांत आम्ही तिघांनी सराव ठेवला होता. मला दुसरी सोंड चढायची होती. नकाशावर दोन सोंडांमध्ये एक उथळ नाळ स्पष्ट होती. प्रत्यक्षात ती नाळ डोक्याएवढ्या गवताने काठोकाठ भरलेली, वरून पाहिलं तर सपाट. ती मी मोजलीच नाही आणि खुशाल तिसरी सोंड चढू लागलो. एक छान मळलेली वाटही मिळाली. वाट मिळाल्याचा आनंद इतका की कंपास ईशान्येऐवजी पूर्व दाखवतोय हे दिसत असूनही मी मनात म्हटलं, पुढे वळेल. वाट पुढे दोन झाली, मग चार, मग करवंदीच्या जाळीत संपली. शेळ्या घेऊन आलेला एक म्हातारा बराच वेळ माझ्याकडे पाहत असावा. म्हणाला, “ही ढोरांची वाट हाय, मान्सांची नाय.”

त्या सकाळी पंचवीस मिनिटं गेली आणि दोन गोष्टी कायमच्या कळल्या. पहिली, सह्याद्रीत पायवाटेवर विश्वास ठेवण्याआधी ती कोणाची आहे ते विचारा. ढोरवाट एकाच उंचीवरून डोंगराला वळसा घालत जाते, फुटत जाते आणि चाऱ्यापाशी किंवा पाण्यापाशी संपते. माणसांची वाट कुठून तरी कुठे तरी जाते, तिच्यावर दगड झिजलेले असतात, कडेला कधी चपलेचा तुटका पट्टा सापडतो. दुसरी गोष्ट, कंपास आणि मन यांचं भांडण झालं की मनाने माघार घ्यायची. जागच्या जागी थांबायचं. शेवटची खात्रीची जागा आठवायची, नकाशा उत्तरेला लावायचा, आजूबाजूचे मोठे आकार पाहायचे: डोंगर कोणत्या हाताला, उतार कुठे, पाणी कुठे. दोन मिनिटांत जुळलं नाही तर त्या खात्रीच्या जागेपर्यंत परत जायचं. परत जाणं कमीपणाचं वाटतं, म्हणून लोक पुढे पळत राहतात आणि चूक मोठी करतात.

फराळ झाल्यावर

लक्ष्मीपूजन उरकलं की चकली-करंजीची पापं फेडायला रान मोकळं होऊ लागतं. कापणी झालेली असते, खाचरांच्या बांधावरून जाता येतं, गवत पिवळं पडून लोळतं. उभ्या पिकातून मात्र एक पाऊलही टाकायचं नाही, कंट्रोल पलीकडच्या बांधावर दिसत असला तरी नाही. शेतकऱ्याचं वर्ष तिथे उभं असतं.

रानातल्या पहिल्या सरावासाठी मी माथेरान सुचवतो. विठ्ठलवाडीहून कर्जत लोकलने थेट नेरळ. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी पावसाळ्यात बंद असते आणि पावसाळ्यानंतर पुन्हा सुरू होते. तिचा भरवसा नसेल तर टॅक्सीने दस्तुरी. वर मोटारींना बंदी. लाल मातीच्या वाटांचं जाळं दाट झाडीतून फिरतं, आणि सावलीमुळे खाली गवत फारसं माजत नाही. पॅनोरमा, गारबट, अलेक्झांडर, वन ट्री हिल, शार्लोट तलाव अशी नावाची ठिकाणं जागोजाग, म्हणजे कंट्रोल आयतेच. वाट चुकली तरी अर्ध्या तासात कुठल्या तरी पॉइंटच्या पाटीशी पोचता. फक्त कड्यांपासून लांब राहा. कंट्रोल ठरवताना कड्याच्या अलीकडची वाट हीच हद्द धरा आणि नकाशावर ती लाल पेनाने मारून टाका.

इथे वाट निवडण्याचा हिशेब शिका. ढोबळमानाने एक मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे दहा मीटर. समजा पुढचा कंट्रोल सोंडेवरून सरळ गेलं तर सहाशे मीटरवर आहे, पण साठ मीटर चढ आहे. तो झाला बाराशेचा. सोंडेला वळसा घातला तर हजार मीटर सपाट. वळसा घ्या, शिवाय पोचाल तेव्हा दम शाबूत असल्याने नकाशा वाचता येईल. आपल्या माणसाला चढ दिसला की अंगात येतं, तो संस्कार गडकोटांचा. पण आंतरराष्ट्रीय नियमांत वाटेच्या लांबीच्या चार टक्क्यांपेक्षा जास्त एकूण चढ असू नये असं म्हटलंय. पाच किलोमीटरच्या शर्यतीत दोनशे मीटर, बस. मलंगगड चढून जाणं हा निराळा आणि उत्तम उद्योग आहे, या खेळाचा सराव तो नव्हे.

प्रत्येक टप्प्याचे मनात तीन भाग करा. सुरुवातीला मोठी खूण धरून बिनधास्त पळा: ओढा, कुंपण, रुंद वाट. मग कंट्रोलच्या शे-दीडशे मीटर अलीकडे एक पक्की, चुकू न शकणारी जागा निवडा, तिथपर्यंत वेग ठेवा. तिथून पुढे चालायच्या वेगाने, कंपास आणि पावलं मोजत. नवखा माणूस नेमकं उलटं करतो. सुरुवातीला चाचपडतो आणि कंट्रोल जवळ आला म्हणून सुसाट सुटतो.

नकाशाबद्दल एक सावधगिरी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे टोपोशीट त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवता येतात. जुन्या क्रमांकानुसार विठ्ठलवाडी ते मलंगगड हा पट्टा ४७ ई/४ मध्ये येतो. पण तो नकाशा १:५०,०००, समोच्च रेषा वीस मीटरच्या अंतराने. ओरिएंटिअरिंगचा नकाशा १:१०,००० किंवा १:१५,०००, रेषा पाच मीटरच्या. टोपोशीटवर जी टेकडी एका रेघेत आटपते ती इथे चार रेघांत उलगडते. रंगही फसवतात. टोपोशीटवर हिरवा म्हणजे जंगल. ओरिएंटिअरिंगमध्ये पळता येईल असं जंगल पांढरं असतं, आणि हिरवा जितका गडद तितकी झाडी अडवणारी. त्या हिशेबाने सप्टेंबरात आपलं निम्मं रान गडद हिरवं रंगवावं लागेल आणि जानेवारीत तेच पांढरं-पिवळं. युरोपातला नकाशा वर्षभर चालतो, आपला कोणत्या महिन्यात काढला ते कोपऱ्यात लिहून ठेवा.

अंगाचं थोडं. पूर्ण बाह्या, पायघोळ पँट, मोजे पँटवर ओढलेले. खाजकुयलीची लव अंगाला लागली तर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून उपटायची आणि धुवायचं. फुरसं आणि घोणस दोन्ही इथे आहेत. दगडावर हात टेकण्याआधी पाहा, गवतात पाय आपटत चाला. दंश झालाच तर कापाकापी, आवळपट्टी काही नाही. अवयव न हलवता १०८ ला फोन आणि रुग्णालय. अत्तर लावून जाऊ नका, कड्यांना आग्या मोहोळं असतात. ऑक्टोबरात एका तासालाही पाणी सोबत हवं, मीठ-साखर घालून.

शर्यतीचा दिवस

आपल्या परिसरात दर आठवड्याला शर्यत नसते. पुण्याच्या एंड्युरो-३ सारख्या साहसी स्पर्धेत तिघांचा संघ करून उतरता येतं. नाही तर स्वतःची शर्यत स्वतः भरवा, आठ माणसं पुरे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने भू-स्थानिक माहितीचे नियम सैल केले, तेव्हापासून हौशी माणसाला नकाशा काढायला आधी परवाना मागत बसावं लागत नाही. ओपनओरिएंटिअरिंग मॅपर हे नकाशा काढायचं आणि पर्पल पेन हे वाट आखायचं, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. मॅपरन हे मोबाइलवरचं अॅप कंट्रोल गाठला की आवाज करतं, झेंडे नसले तरी भागतं. वनखात्याच्या जमिनीवर मात्र आधी लेखी परवानगी घ्या, आणि गावच्या पाड्यावर आदल्या दिवशी जाऊन सांगून या. संरक्षण खात्याच्या किंवा वादातल्या जमिनीकडे फिरकू नका. पोरं-टोरं धावताना दिसली की विनाकारण गोंधळ होतो.

सकाळी पोचल्यावर गप्पा मारण्याआधी नकाशाची खुणांची यादी आणि प्रमाण पाहा. १:१०,००० ची सवय आणि हातात १:४०००, यात पहिला कंट्रोल हमखास मागे राहतो. पहिला टप्पा मुद्दाम सावकाश करा. नकाशा काढणाऱ्याचा हात प्रत्येकाचा वेगळा, त्याचा “लहान खडक” म्हणजे नेमका केवढा हे एकदा डोळ्यांत बसू द्या. झेंडा दिसला की त्यावरचा क्रमांक आपल्या यादीशी ताडून पाहा, मगच हजेरी. दुसऱ्याच वयोगटाच्या झेंड्यावर हजेरी लावून बाद झालेले लोक मी बरेच पाहिलेत. समोरच्याच्या मागे पळू नका. त्याचा पुढचा कंट्रोल तुमचा नसतो, आणि असला तरी तो चुकत नसेल कशावरून? शिट्टी गळ्यात हवी. मिनिटात सहा वेळा वाजवली तर ती मदतीची हाक, आणि ती ऐकणाऱ्याने शर्यत सोडून जायचं.

संपल्यावर चहाच्या आधी नकाशावर पेनाने आपली खरी वाट काढा, आठवणीने, मोबाइल न पाहता. प्रत्येक टप्प्याशेजारी वाया गेलेली मिनिटं आणि कारण लिहा: “नाळ मोजली नाही”, “क्रमांक पाहिला नाही”, “ढोरवाट”. पाच-सहा नकाशे साठले की एकच कारण पुन्हा पुन्हा दिसू लागतं. पुढच्या हंगामाचा तक्ता तिथून काढा.

अनंत चतुर्दशी ते देवदिवाळी जेमतेम अकरा आठवडे होतात. यंदा शर्यत भरवणार असाल तर तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार धरा. भरवणाऱ्याने दोन याद्या जवळ ठेवाव्यात. पहिली, सुटलेल्या माणसांची. शर्यत अर्ध्यात सोडली तरी शेवटच्या रेषेवर येऊन नाव सांगितल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही, नाही तर तुम्ही लोकलमध्ये आणि बाकीचे रात्रभर डोंगरात तुम्हाला शोधत बसतील. दुसरी यादी झेंड्यांची. दहा लावले असतील तर संध्याकाळी दहाच पिशवीत मोजून घ्या.